तिरकं झाकण

लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी एक साधा प्रयोग केला होता. एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय. त्याच्या हातून चिमटा पडतो. तो हात लांबवतो, हात पुरत नाही. खोलीत दीड वर्षाचं मूल आहे, नुकतंच नीट चालायला लागलेलं. ते दुडुदुडु जातं, चिमटा उचलतं आणि त्या माणसाच्या हातात देतं. अशा निरनिराळ्या अडचणी मांडून पाहिल्या, तेव्हा २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी मदत केली, आणि बहुतेकदा कुणी मागायच्या आत. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तेव्हा मात्र मुलं फारशी हलली नाहीत. २००६ साली हे ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं.

दुसऱ्यांकडे लक्ष जाणं आणि लहानसहान आपुलकी, या विषयावर चित्रपुस्तक करायला बसणाऱ्याने हा चिमटा टेबलावर समोरच ठेवावा. चिमटा पडला आणि चिमटा फेकला, यातला फरक मुलाला दीड वर्षाचं असताना कळतो. तेच मूल सहाव्या वर्षी आपलं पुस्तक उघडणार, आणि आपण त्याला शेवटच्या पानावर सांगणार की ‘मुलांनो, इतरांना मदत करावी’! सदाशिव काशिनाथ छत्र्यांची इसापनीती १८२८ सालची. तेव्हापासून गोष्ट संपली की ‘तात्पर्य’ वाचायची आपल्याला सवय आहे. एका परिच्छेदाच्या गोष्टीला ती गाठ शोभते. चित्रपुस्तकात शोभत नाही, कारण तिथे मुलाचे डोळे वाक्याच्या कितीतरी पुढे असतात. मोठं माणूस पहिली ओळ वाचेपर्यंत मूल कोपऱ्यातल्या मांजरीपर्यंत पोचलेलं असतं. या पुढे गेलेल्या डोळ्यांना काहीतरी सापडू द्यायचं, एवढंच काम आहे. ते करणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही.

एक पुस्तक कल्पून बघू. विषय दळणाचा. मीनू सहा वर्षांची, आजीबरोबर गिरणीत चाललीय. गिरणी निवडण्यामागे कारण आहे. मोटार, पट्टा, जातं यांच्या घरघराटात बोललेलं ऐकूच येत नाही. सगळे हातांनी, भुवयांनी, मानेने बोलतात. तिथे आपुलकी दाखवायची तर ती डोळ्यांना दिसेल अशीच असावी लागते. शिवाय सगळे थांबलेले असतात. डबे रांगेत आणि माणसं बाकावर. ज्याला घाई आहे त्याला दुसरा माणूस दिसत नाही, पण दळण होईस्तोवर बसलेल्या मुलीला बघण्यावाचून दुसरं कामच नसतं.

आता कृती कोणती घ्यायची? आपल्याकडची ठरलेली कृती म्हणजे आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देणं. तिच्यात अडचण अशी की घेणारा नेहमी म्हातारा, आंधळा किंवा फाटक्या कपड्यांतला, आणि देणारा इस्त्रीच्या सदऱ्यातला. चार पुस्तकांत हेच पाहिलं की मुलाच्या मनात माणसांचे दोन ढीग पडतात. म्हणून कृती अशी हवी की ती करायला डोळे लागावेत आणि करणाऱ्याचा हात वर राहू नये. गिरणीत अशी एक कृती रोज घडते. दगडांच्या घर्षणाने पीठ गरम होऊन डब्यात पडतं. झाकण लगेच घट्ट लावलं तर वाफ आत कोंडते, झाकणाच्या आतून थेंब धरतात, ते पिठात पडतात. गुठळ्या होतात, चार दिवसांत वास यायला लागतो, पुढे जाळी धरते. म्हणून जाणता गिरणीवाला डबा भरला की झाकण ठेवतो तिरकं. बोटभर फट. दुसऱ्याच्या डब्याचं झाकण तिरकं करून ठेवणं ही पूर्ण आपुलकी झाली. तिला वेळ, पैसा, ताकद काही लागत नाही. लागतं ते फक्त लक्षात आलेलं असणं.

पुस्तक २४ पानांचं धरू. छपाईच्या हिशेबात हा दीड फर्मा. मोठा कागद तीनदा दुमडला की आठ तुकडे, दोन्ही बाजू मिळून सोळा पृष्ठांचा एक फर्मा होतो. मधोमध पिना मारायच्या पुस्तकात पृष्ठसंख्येला चाराने भाग जायलाच हवा. पहिलं पृष्ठ शीर्षकाचं, दुसऱ्यावर श्रेयनामावली, तिसऱ्यापासून गोष्ट. ४-५ पासून २२-२३ पर्यंत दहा जोडपानं आणि शेवटी सुटं चोविसावं. या दहा जोडपानांचा नकाशा आधी पोस्टकार्डाएवढ्या चौकोनांत काढायचा, एकाच कागदावर, म्हणजे सगळं पुस्तक एका नजरेत येतं. मग खऱ्या आकाराची डमी: साधे कागद दुमडून, शिवून. डमी करायचा कंटाळा करणाऱ्यांची पुस्तकं ओळखू येतात. चित्रं सुटी सुटी छान असतात, पण पान उलटताना काहीच होत नाही.

तिसऱ्या पृष्ठावर आजी गहू डब्यात ओततेय. ४-५ वर गल्ली. मजकूर फक्त इतका: ‘मीनू पुढे, आजी मागे, डबा मधे.’ चित्रात वरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालतेय आणि चिमटा हवेत आहे. त्याबद्दल अक्षर नाही. ६-७ वर कोपऱ्यावरच्या बारा-तेरा वर्षांच्या दादाच्या सायकलची चेन पडलीय, कॅरिअरला डबा. ८-९ वर गिरणी. तोच दादा पायाने बाक आजीच्या दिशेला सरकवतोय, आजी शेजारणीशी बोलण्यात गुंग, तिला पत्ता नाही. १०-११ वर शब्द सांगतात, ‘गरम गरम पीठ! मीनूने बोट घातलं. आजीने डोळे वटारले.’ मूल हसतं. मागे गिरणीवाले काका दुसऱ्या एका डब्याचं झाकण तिरकं ठेवताहेत. १२-१३ वर शब्दच नाहीत. पुढची तीन जोडपानं वाट बघण्याची. मग २०-२१: दादाच्या डब्याचं झाकण कोणीतरी घट्ट बसवलंय, दादा बाहेर चेन बसवतोय, हात काळे. मीनू वाट वाकडी करून त्या डब्याजवळ.

मीनूने झाकण तिरकं केलं हे दादाला कधीच कळत नाही. हे मुद्दाम. त्याला कळलं की त्याने आभार मानावे लागतील, आणि मराठी चित्रपुस्तकं इथेच घसरतात. ‘धन्यवाद, मीनू!’ असं कुठल्या गल्लीतला दादा म्हणतो? आपल्याकडे ओळखीच्यांत आभार शब्दांनी फार क्वचित मानले जातात. ‘राहू दे गं’, ‘बस जरा’, ‘चहा टाकते’, हातावर ठेवलेली शेंगदाण्याची वडी, डोक्यावरून फिरलेला हात, ही आपली आभाराची भाषा. दुसऱ्या भाषेतलं पुस्तक मराठीत आणणाऱ्यांनी ‘थँक यू’चं ‘धन्यवाद’ करण्याआधी ते वाक्य मोठ्याने म्हणून बघावं. बहुधा ते काढून टाकलं तरी चालतं.

शब्द निवडताना आणखी एक गोष्ट. ‘दयाळूपणा’ हा शब्द निबंधाच्या वहीतला आहे. दयेत देणारा वरच्या पायरीवर असतो. माया, जिव्हाळा, आपुलकी या शब्दांत पायऱ्या नाहीत, तरी तेही पुस्तकात येऊ नयेत. ते मुलाने स्वतः म्हणायचे. ‘लक्ष’ या शब्दाचं तर बघण्यासारखं आहे. लक्ष जातं ते आपोआप. लक्ष देतो ते ठरवून. आणि लक्ष ठेवतो म्हणजे पाळत! मीनूचं लक्ष गेलेलं हवं. वाक्यरचनाही तशीच: ‘मीनूने झाकण पाहिलं’ यात मीनू मोठी होते, ‘मीनूला झाकण दिसलं’ यात झाकण मोठं होतं. मराठीतली ‘ला’ विभक्ती इथे अर्धं काम फुकटात करून देते. सगळ्या पुस्तकाला दोन-अडीचशे शब्द पुरेत. एका जोडपानावर पंचवीसच्या वर गेले की वाचणाऱ्याचे डोळे अक्षरांना चिकटतात आणि त्याचं बोट चित्रावरून उठतं. टंक १८ ते २० पॉइंटांचा, आणि दोन ओळींत जागा सढळ, कारण खालच्या ओळीची वेलांटी आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकांत अडकले की नवं वाचणारं मूल तिथेच थबकतं.

आता चित्र, म्हणजे खरा मामला.

देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून गोष्टही त्याच दिशेने चालते. मीनू गिरणीकडे चाललीय तर तिचं तोंड उजवीकडे. पान उलटायची ओढ त्यातूनच तयार होते. ज्या जोडपानावर तिला काही दिसतं, तिथे तिला उलट, डावीकडे वळवायचं. सगळ्या पुस्तकाचा ओघ उजवीकडे आणि एक मुलगी डावीकडे तोंड करून थांबलेली. हे वळणं म्हणजेच लक्ष जाणं. ते तीन-चार वेळा वापरलं की त्याची धार जाते; २४ पानांत फार तर दोनदा. उर्दू आवृत्ती काढायची झाली तर ओघच उलटा होतो, आणि काही जण चित्रं सरळ आरशासारखी फिरवून मोकळे होतात. मग गिरणीवाले काका डावखुरे होतात आणि आजीच्या पदराचा खांदा बदलतो. मुलं पदर आधी बघतात.

चित्र कुठल्या उंचीवरून बघायचं हेही ठरवावं लागतं. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर. तिथून गर्दीत चेहरे दिसत नाहीत. पिशव्या, गुडघे, बांगड्या, तुटलेला अंगठा दोरीने बांधलेली चप्पल, काळे झालेले हात, डब्यांची झाकणं दिसतात. मोठ्यांच्या उंचीवरून काढलेल्या गिरणीत मीनूला काही दिसण्याचं कारणच उरत नाही. म्हणून आतली चित्रं तिच्या उंचीवरून. अपवाद १२-१३ चा. तिथे छताच्या आढ्यावरून खाली बघायचं, म्हणजे सगळे डबे गोल दिसतात आणि त्यांत एकाच डब्यावर काळी चंद्रकोर: तिरकं झाकण.

रंगांत एक सोपा, ठरलेला मार्ग आहे: दुर्लक्षित माणूस राखाडी काढायचा, त्याच्याकडे कुणी बघितलं की रंग भरायचा. जॉनआर्नो लॉसन आणि सिडनी स्मिथ यांच्या २०१५ च्या ‘साइडवॉक फ्लॉवर्स’ या शब्दांविना पुस्तकात रंगाची अशीच किमया आहे, पण तिथे ती फार विचाराने आली आहे. शहर काळं-पांढरं, चालणाऱ्या मुलीचा कोट लाल, ती फुलं वाटत जाते तसतसे रंग पसरतात. आपल्याकडे हा मार्ग धरताना जपून. बऱ्याच चित्रकारांच्या हाताला लागलेली सवय अशी की नायिका गव्हाळ-गोरी आणि जिला मदत करायची ती सावळी. त्यावर राखाडीही आली तर पुस्तक तोंडाने एक सांगतं आणि रंगाने दुसरंच. आधी कातडीचे चार-पाच रंग मिसळून पट्टी करून ठेवावी आणि पात्रं ठरायच्या आधी ते रंग वाटून टाकावेत, चिठ्ठ्या टाकून वाटले तरी हरकत नाही.

आणि चेहऱ्यावर भाव कमी. मीनूने झाकण तिरकं केल्यावर तिच्या चेहऱ्यावर समाधानाचं हसू काढायचा मोह होतो. ते हसू म्हणजे चित्रातलं तात्पर्य. तिची जीभ थोडी बाहेर असू द्या, लहान मुलांची हाताने नाजूक काम करताना असते तशी. बस.

प्राणी की माणसं, हा प्रश्न हमखास निघतो. पंचतंत्राच्या देशात ससे-कासवांना कोण नाही म्हणेल? पण टोरंटोत निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गेनिया यांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली होती. एकीत कपडे घातलेला रकून हा प्राणी, दुसरीत माणसं. नंतर स्टिकर वाटायची वेळ आली तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी जास्त दिले. एका प्रयोगावरून सशांना हद्दपार करायची गरज नाही. फक्त दळणाला ससा पाठवायचा का, एवढा विचार जरूर करावा.

छपाईत ज्या चुका होतात त्या या विषयाच्या पुस्तकाला जास्त महागात पडतात, कारण इथे सगळा अर्थ बारीक तपशिलात आहे. मधल्या घडीजवळ दोन्हीकडे किमान सव्वा सेंटिमीटर महत्त्वाचं काही नको. चिमटा घडीत गेला तर गेला. कापताना कागद दोन-तीन मिलिमीटर सरकतो, म्हणून चित्र कडेच्या ३ मिलिमीटर बाहेरपर्यंत वाढवून काढायचं आणि झाकणासारखी गोष्ट कडेपासून सेंटिमीटरभर आत ठेवायची. पिनांच्या पुस्तकात आतले कागद बाहेर सरकतात, त्यामुळे जोडपानाच्या दोन बाजू तंतोतंत जुळतीलच असं नसतं. अखंड एकाच कागदावर येतं ते फक्त मधलं जोडपान, २४ पानांत १२-१३. आपलं शब्दांविना, छतावरून दिसणारं चित्र तिथेच का, याचं हे दुसरं कारण. कागद १३० जीएसएमच्या (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आसपास. त्याहून पातळ घेतला तर मागच्या पानावरचा गडद रंग पुढे डोकावतो आणि मुलं त्या सावलीलाही गोष्टीत धरतात. चकचकीत कागदावर वर्गातल्या ट्यूबलाइटची पट्टी नेमकी चित्रावर पडते, त्यापेक्षा मंद चमकेचा बरा.

पुस्तक छापून झालं की ते वाचणाऱ्याच्या हाती जातं, आणि चांगलं पुस्तक तिथेही बिघडू शकतं.

मांडीवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांपासून पान साधारण ३० सेंटिमीटरवर असतं. तिथे एक सेंटिमीटरचा चिमटा छान दिसतो. तेच पुस्तक बाईंनी वर्गासमोर धरलं आणि मागची मुलं अडीच मीटरवर बसली, तर त्यांना तेवढाच दिसायला चिमटा आठ सेंटिमीटरचा हवा. म्हणजे मागच्या दोन रांगांसाठी ही गोष्ट एका मुलीने पिठात बोट घातल्याची आहे, आणखी काही नाही. उपाय दोनच: पाच-सहा मुलांचा गट करून वाचणं, किंवा १०-११ आणि १२-१३ या पानांवर उठून पुस्तक प्रत्येकाच्या नाकासमोरून हळूहळू नेणं. जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिलीला चित्रवाचन घेणाऱ्या शिक्षकांना हे सांगावं लागत नाही. वेळ मात्र त्यांना मिळायला हवा. चाळीस मुलांच्या वर्गात सहा-सहाचे गट म्हणजे सात वेळा वाचन, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं. एका तासिकेत हे बसत नाही. आठवड्याभरात बसतं.

पहिलं वाचन न थांबता करायचं. प्रश्न नाहीत, बोट दाखवणं नाही. दुसऱ्या दिवशी पान उलटल्यावर आधी गप्प राहायचं. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून पाहिलं होतं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून उत्तराची वाट सरासरी एक सेकंदच बघत होते. ती तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. चित्रासमोर तीनही थोडे. मनात सात आकडे मोजावेत. हे सात आकडे मोठ्या माणसाला फार जड जातात.

विचारायचंच तर ‘आणखी कोण दिसतंय?’, ‘काकांचे हात कुठे आहेत?’, ‘हा डबा मघाशी कुठे होता?’ असं. ‘मीनू चांगली मुलगी आहे ना?’ या प्रश्नाला फक्त ‘हो’ असं उत्तर आहे, आणि ‘यातून आपण काय शिकलो?’ या प्रश्नाला मुलं जे उत्तर देतात ते त्यांनी पुस्तक उघडण्याच्या आधीच पाठ केलेलं असतं. एखाद्या मुलाला झाकण दिसलंच नाही आणि त्याला दादाच्या सायकलचा रिफ्लेक्टर आवडला, तर तोही बघण्याचाच भाग आहे. दुसऱ्या मुलाने हळूच ‘ते बघ ना’ म्हणून बोट ठेवलं, तर वाचणाऱ्याने हात मागे घ्यावा.

वाचन झालं की भिंतीवर तक्ता लावायची हौस येते: ज्याने मदत केली त्याच्या नावापुढे तारा, पाच ताऱ्यांना पेन्सिल. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ साली हेही तपासलं होतं. वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळाली, ती पुढे बक्षीस बंद झाल्यावर, काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. चिमटा उचलणारा हात मग पेन्सिल किती लांब आहे ते बघतो. तक्ता लावायचाच असेल तर ‘आज काय दिसलं’ एवढाच लावावा, नावांविना. त्यात ‘बेसिनचा नळ टिपटिप’ येईल, ‘मावशींचा पाय दुखतोय’ येईल, आणि ‘सरांचं बटण’ही येईल. सरांनी ते शिवून घ्यावं.

२२-२३ वर मीनू आणि आजी परत त्याच गल्लीतून, आता डबा गरम म्हणून आजीने एकटीने कडी धरलीय आणि मीनूच्या हातात आजीची पिशवी. गॅलरीखालच्या कंपाउंडच्या भिंतीवर चिमटा ठेवलेला आहे. कोणी उचलून ठेवला ते कुठल्याच पानावर नाही. काही मुलांना तो सातव्या-आठव्या वाचनाला सापडतो, काहींना कधीच नाही.

चोविसाव्या पृष्ठावर प्रकाशकाला पुढच्या पुस्तकांची जाहिरात टाकायची असते. ती मलपृष्ठावर जाऊ द्यावी. इथे फक्त ओटा. ओट्यावर डबा, शेजारी आजीचा चष्मा, खिडकीतून संध्याकाळ. डब्याचं झाकण तिरकं, फटीतून वाफेची एक रेघ, पेन्सिलीने, इतकी फिकट की छापखान्यात पहिल्या प्रुफाला ती हमखास उडते. प्रूफ बघायला स्वतः जावं आणि ती रेघ आली की नाही ते भिंगाने तपासावं.